फुकटचा रंग

नव्या गाडीचा रंग दुकानात खराब झाला की भांडण फार वेळ चालत नाही. आधी थोडी टोलवाटोलवी होते: ‘आली तेव्हाच तशी होती’, ‘तुमचं लक्ष आज गेलं असेल’, ‘आमच्या पोरांनी त्या बाजूला हातच लावला नाही’. ग्राहकाचा आवाज चढतो, वॉशिंगसाठी थांबलेली आणखी दोन-चार गिऱ्हाइकं मान वळवून बघायला लागतात, आणि मग केबिनमधून शेठ बाहेर येतो. शेठ समजूतदार असतो. तो ओरखड्यावरून अंगठा फिरवतो, पोराला सगळ्यांसमोर दोन शब्द सुनावतो आणि म्हणतो, ‘साहेब, एवढं काय टेन्शन घेता? पॅनल फुकटात रंगवून देतो. कंपनीसारखं. कळणारसुद्धा नाही.’ इथे बहुतेकांचा राग उतरतो. चूक कबूल झाली, खर्च आपल्याला नाही, आणखी काय हवं? चावी पुन्हा शेठच्या हातात जाते. माझं म्हणणं असं, की ग्राहकाने सगळ्यात आधी नाकारायला हवा तो हाच प्रस्ताव. तो वाईट हेतूने केलेला असतो असं नाही. शेठला तो खरोखर उदार वाटत असेल. पण झालेलं नुकसान भरून काढण्याऐवजी तो त्यावर दुसरं नुकसान चढवतो, आणि पहिल्याचा पुरावाही त्याच हाताने पुसून टाकतो.

या प्रस्तावात एक गोष्ट न बोलता धरलेली असते: गाडीवर जो रंग होता तोच पुन्हा देता येतो. तो देता येत नाही, आणि हे शेठला ग्राहकापेक्षा जास्त माहीत असतं. कारखान्यात गाडीवर रंग चढतो तेव्हा ती अजून गाडी झालेली नसते. नुसता पत्र्याचा सांगाडा असतो. काच नाही, रबर नाही, वायरिंग नाही, सीट नाहीत. तो आधी फॉस्फेटच्या द्रावणातून निघतो, मग रंगाच्या मोठ्या टाकीत अख्खा बुडवतात आणि त्यातून वीज सोडतात. विजेच्या ओढीने रंगाचा पातळ थर पत्र्याला धरतो, दाराच्या आतल्या पोकळीत आणि सांध्यांच्या फटीतही, जिथे कुठलीही स्प्रेगन पोचणार नाही. साधारण २० मायक्रॉनचा हा थर १६० ते १८० अंश सेल्सिअसला भाजला जातो, आणि गंजाशी खरी झुंज तोच देतो. त्यावर प्रायमर, मग आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो बेस कोट, जेमतेम १५ मायक्रॉनच्या आसपास, आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट, ४० ते ५० मायक्रॉनचा. हे वरचे थरही १४० अंशांच्या जवळपास भट्टीतून काढतात. सगळं मिळून जाडी भरते १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या दोन केसांएवढी. दुरुस्तीला येते ती मात्र पूर्ण गाडी. तिला १४० अंशांत उभी केली तर प्लास्टिक, रबर आणि इलेक्ट्रॉनिक्सची वाट लागेल. म्हणून गॅरेजमध्ये हार्डनर मिसळलेला रंग वापरतात, जो चांगल्या बूथमध्ये ६० अंशांच्या आसपास सुकवता येतो आणि रस्त्याकडेच्या शेडमध्ये जसं ऊन पडेल तसा सुकतो. चांगल्या पेंटरच्या हातचं काम वर्षानुवर्षं टिकतं, हे नाकारायचं कारण नाही. पण ते वेगळं काम आहे, आणि टाकीत बुडवून चढवलेला तळाचा थर एकदा गेला की कुठल्याही गॅरेजला तो परत बसवता येत नाही.

नुकसान होतं कसं हेही पाहायला हवं, कारण तोडगा त्यावर ठरतो. सगळ्यांत सर्रास प्रकार धुण्यात होतो. एकच बादली, एकच फडकं. टायरवरून दारावर, दारावरून बोनेटवर. फडकं खाली पडलं तर झटकून तेच पुन्हा. त्यात अडकलेले वाळूचे कण क्लिअर कोटवर बारीक चरे पाडत जातात. दुपारच्या उन्हात गर्दीत उभं राहून हे दिसत नाही. रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्यांखाली गाडी थांबली, की काळ्या किंवा गडद निळ्या बोनेटवर प्रत्येक दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा उमटलेल्या दिसतात. प्रत्यक्षात चरे सगळीकडे पसरलेले असतात, आडवेतिडवे. दिव्याभोवतीचे तेवढे प्रकाशात चमकतात, आणि मान हलवली की जाळंही आपल्याबरोबर सरकतं. दुसरा प्रकार पॉलिश मशीनचा. पॅड एका जागी क्षणभर जास्त थांबला, किंवा दाराच्या धारेवर, जिथे रंग मुळातच पातळ असतो तिथे दाबला गेला, की क्लिअर कोट जळून खालचा रंग उघडा पडतो. आणि तिसरा प्रकार विचित्र आहे, कारण तो रंग जपायला गेलेल्यांच्याच वाट्याला येतो. संरक्षक फिल्म गाडीवरच कापून बसवली आणि ब्लेडवर जरा जोर पडला, तर बोनेटच्या कडेने केसासारखी सरळ रेघ क्लिअर कोट चिरत जाते. फिल्म स्वतः १५० ते २०० मायक्रॉनची, म्हणजे ज्याला जपायचं त्या रंगापेक्षा जाड. तिच्याखाली ती रेघ वर्षानुवर्षं निवांत राहू शकते आणि फिल्म उतरवली की बाहेर येते.

यांतल्या कित्येक ओरखड्यांना रंगाची गरजच नसते. नखाचं टोक आडवं फिरवलं आणि ते कुठे अडकलं नाही, तर चरा वरवरचा आहे. जाणकार माणूस दोन-चार मायक्रॉन घासून तो घालवू शकतो. मात्र घासायलाही मर्यादा आहे. क्लिअर कोटमध्ये उन्हाला अडवणारी द्रव्यं असतात, तो जितका झिजवाल तितकी गाडीची पुढची वर्षं कमी होतात. शिवाय ‘करून दिलं बघा’ म्हणताना काही ठिकाणी चरे काढलेलेच नसतात, तेलकट ग्लेझने बुजवलेले असतात. गाडी झळझळीत घरी जाते आणि दोन-तीन धुण्यांनंतर जाळं पुन्हा हजर. म्हणून रंगवायचं, घासायचं की आहे तसं ठेवायचं हा निर्णय नुकसान करणाऱ्याच्या हाती सोपवणं मला मुळातच चुकीचं वाटतं. त्याला त्याच संध्याकाळी गाडी आणि गाडीवाला दोघेही दारातून बाहेर जायला हवे असतात. जी दुरुस्ती सर्वांत लवकर दिसेनाशी करते, तीच त्याला सर्वांत चांगली वाटणार.

त्यात रंगवण्याचा स्वभाव पसरण्याचा आहे. मेटॅलिक रंगात धातूचे बारीक कण असतात आणि ते कसे निजतात हे हवेच्या दाबावर, गन किती अंतरावर धरली यावर, रंग किती ओला पडला यावर ठरतं. कोड तोच, डबा त्याच कंपनीचा, तरी समोरून जुळलेलं दार बाजूने पाहिलं की उजळ किंवा काळपट दिसतं. मोत्यासारखी झाक असलेल्या पांढऱ्या रंगात तर तीन-तीन थर जुळवावे लागतात. मग शेड मिळवण्यासाठी शेजारच्या दारावर, फेंडरवरही हलका फवारा मारायचा. एका ओरखड्यापायी तीन पॅनल कारखान्याचे राहिले नाहीत. रबराच्या बीडिंगच्या काठावर मास्किंग टेपची बारीक पायरी राहते, नखाला लागते. फेंडर खोलला असेल तर आतल्या बोल्टच्या कोपऱ्यांवरचा रंग पान्याने उडालेला असतो. जुन्या गाड्या घेणाऱ्याला एवढं पुरतं. आणि नाही दिसलं तर त्याच्या खिशात जाडी मोजायचं यंत्र असतं, पत्र्याला टेकवलं की आकडा सांगणारं. बाकी गाडीवर ११०-१२० आणि एका दारावर २५०, की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘ठोकली होती का?’ दुकानातल्या पोराने बादलीचं हँडल घासलं होतं, हे तेव्हा कोण पटवून घेणार? पैठणीला रफू कितीही बारीक असलं तरी घेणारा ती उलटी करून बघतोच. गंमत अशी, की जो दुकानदार ‘कंपनीसारखं रंगवून देतो’ म्हणतो, तोच फिल्म लावायला आलेल्या दुसऱ्या गाडीवाल्याला आधी विचारतो, ‘ओरिजिनल पेंट आहे ना?’ कारण पुन्हा रंगवलेल्या पॅनलवरून फिल्म उचलताना रंग सोबत निघून येऊ शकतो, आणि त्याची जबाबदारी घ्यायला तो तयार नसतो. दोन रंगांतला फरक धंद्याला नेमका ठाऊक आहे. आपल्याशी बोलतानाच तेवढा तो विसरला जातो.

हा फरक पैशांत मोजला गेल्याचं एक गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. अलाबामा राज्यातल्या एका डॉक्टरने जानेवारी १९९० मध्ये नवी काळी बीएमडब्ल्यू घेतली, ४० हजार डॉलरच्या थोडी वर. रंगात त्याला काही खोट दिसली नव्हती. नऊएक महिन्यांनी आणखी चमक यावी म्हणून तो ती एका डिटेलिंगच्या दुकानात घेऊन गेला, तेव्हा दुकानदाराने सांगितलं, ही गाडी पुन्हा रंगवलेली आहे. जर्मनीहून येताना, बहुधा आम्लयुक्त पावसाने, रंग खराब झाला होता आणि कंपनीने ६०० डॉलर खर्चून तो नीट करून गाडी नवी म्हणून विकली होती. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या तीन टक्क्यांच्या आत असेल तर विक्रेत्यालाही सांगायचं नाही, असं कंपनीचं धोरणच होतं. एका माजी विक्रेत्याने साक्ष दिली, की पुन्हा रंगवलेल्या गाडीची किंमत नव्या गाडीपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी कमी असते, आणि ज्यूरीने नुकसान धरलं चार हजार डॉलर. त्याखेरीज ठोठावलेला चाळीस लाखांचा दंड तिथल्या राज्य न्यायालयाने निम्म्यावर आणला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तोही अवाजवी म्हणून रद्द केला आणि शेवटी तो पन्नास हजारांवर आला. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला दंडाच्या मर्यादेसाठी शिकवतात. मला त्यातले ते चार हजार जास्त बोलके वाटतात. इथे रंगवणारी गाडीची कंपनी होती, काम इतकं सफाईदार की मालकाला महिनोन्‌महिने कळलं नाही. तरीही रंगवण्याचा खर्च सहाशे आणि किमतीतला तोटा चार हजार. फुकट रंगवून मिळतं ते सहाशेचं काम. उरलेल्या चार हजारांबद्दल शेठ एक अक्षर काढत नाही.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत दुकानदारांना वाटतो तितका दुबळा नाही. चावी हातात घेतली की भारतीय करार कायदा, १८७२ नुसार ती वस्तू विश्वासाने ताब्यात घेतली असं होतं, आणि कलम १५१ म्हणतं, की साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी तिची घेतली पाहिजे. भिंतीवर ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ अशी पाटी असते, पावतीच्या मागे बारीक अक्षरांत तेच छापलेलं असतं, आणि ग्राहक ते वाचून खचतो. १९९८ मध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एकाने आपली मारुती झेन व्हॅलेकडे दिली. मध्यरात्रीनंतर मागायला गेला तर ती भलताच कोणी घेऊन गेला होता. पार्किंगच्या टॅगवर मालकाच्या जबाबदारीचं वाक्य छापलेलं होतंच. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केलं, की ताबा घेतल्यावर स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा छापील वाक्याने झटकता येत नाही, आणि आपण योग्य ती काळजी घेतली होती हे आधी हॉटेलने दाखवायचं. गाडी चोरीला जाणं आणि दारावर चरा पडणं यांत अंतर पुष्कळ आहे, पण तत्त्व तेच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तर सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येतच निष्काळजीपणाने झालेलं नुकसान धरतो, आणि ग्राहकाने दिलेले पैसे परत करायला लावण्याचा, भरपाई देववण्याचा अधिकार ग्राहक आयोगाला देतो. त्याच दुकानाकडून रंगवून घेणं हा एकमेव मार्ग आहे, असं त्यात कुठेही नाही.

रंगवून द्यायची वेळ टळावी म्हणून आणखी एक मधाचं बोट लावलं जातं, मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये विशेष: ‘इन्शुरन्समध्ये टाकू. तुम्हाला काहीच खर्च नाही.’ इथे मात्र मला शेठचा हेतूही निर्मळ वाटत नाही. विम्याच्या फॉर्मवर नुकसान कसं झालं हे लिहावं लागतं, आणि तिथे कोणी ‘आमच्या पोराने घासलं’ असं लिहीत नाही. ‘पार्किंगमध्ये भिंतीला लागली’ असं लिहिलं जातं, खाली सही गाडीमालकाची. पहिल्या वर्षी एकही क्लेम नसेल तर पुढच्या वर्षी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर वीस टक्के बोनस मिळतो, आणि सलग पाच वर्षांत तो पन्नास टक्क्यांपर्यंत चढतो, तो गेला. सक्तीची वजावट, लहान इंजिनला हजार रुपये, मोठ्याला दोन हजार, तीही मालकाचीच. म्हणजे दुकानाच्या चुकीचा खर्च आपल्या बोनसमधून भागवायचा आणि वर खोट्या कागदावर आपलं नाव. एवढं असूनही हे सर्रास चालतं, कारण त्या क्षणी खिशातून रोख जात नाही.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला घरातूनच येतो, बहुधा वडीलधाऱ्यांकडून: एवढं काय त्या पत्र्याचं कौतुक? गाडी रस्त्यावर येणारच, पुण्याच्या पेठांतून जाणार, कोणाची तरी स्कूटर घासणारच. गणपतीला कोकणात जाऊन आली की खडी उडून बोनेटवर टिकल्या पडलेल्याच असतात. मग दुकानातल्या चऱ्यावरून एवढा आकांत का? या आक्षेपात तथ्य आहे. नव्या गाडीला हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढून आपण तिला जे रूप देतो, त्यात हौसेचा भाग मोठा असतो. आणि ते कुंकू बोटाने दाबून घासताना दोन-चार चरे आपणच पाडतो हेही खरं. पण रस्त्यावरच्या खडीशी आपला काही व्यवहार झालेला नसतो. दुकानाशी झालेला असतो, आणि नेमका या पृष्ठभागाची काळजी घेण्याबद्दलच. वस्तू पुढे झिजणारच आहे म्हणून आज तिचं नुकसान करणाऱ्याचं देणं माफ होत नाही. तसं असतं तर कुठल्याच भाडेकरूला, धोब्याला किंवा शिंप्याला काही विचारता आलं नसतं. शिवाय माझा मुद्दा आकांताच्या उलट आहे. चरा तसाच ठेवून गाडी वापरायला मी तयार व्हा म्हणतो. ज्याला चरा क्षणभर सोसत नाही, तोच फुकटच्या रंगाला आधी बळी पडतो.

दुसरा आक्षेप कारागिराचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे: पत्रा उघडा पडला असेल तर काय ठेवायचं तसंच? मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात उघड्या लोखंडाला गंज किती लवकर धरतो हे सांगायला नको. इथे माझी माघार आहे. नखापलीकडचा, पत्र्यापर्यंत गेलेला चरा रंगवावाच लागतो, तोही लवकर. पण कुठे रंगवायचा हे गाडीच्या मालकाने ठरवावं. भट्टीचं बूथ असलेल्या अधिकृत वर्कशॉपमध्ये तो रंगवावा, तिथलं बिल नुकसान करणाऱ्याने भरावं, आणि रंगवलेल्या पॅनलमुळे किमतीत पडणारी तूट वेगळी धरावी. जिथे रंगवायची सक्ती नाही तिथेही हिशेब हाच: त्या पॅनलचं अधिकृत वर्कशॉपचं लेखी एस्टिमेट, आणि ज्या कामात नुकसान झालं त्याचे पैसे परत. यावर दुकानदार उसळून म्हणतो, ‘म्हणजे पैसे घेणार आणि रंगवणार नाही? हा तर धंदा झाला.’ वरकरणी बिनतोड वाटणारं हे वाक्य आहे. पण कमी झालं आहे ते त्या पृष्ठभागाचं मोल, आणि एस्टिमेट हे ते मोजण्याचं हाताशी असलेलं माप. मिळालेल्या पैशांतून मालकाने दार रंगवावं, की चऱ्यासह गाडी वापरून पुढे विकताना घेणाऱ्याला तो चरा दाखवून किंमत कमी करावी, हा त्याचा प्रश्न. दुसऱ्या मार्गात तर फसवणूक कोणाचीच होत नाही, जी फुकटच्या रंगात पुढच्या गिऱ्हाइकाची होऊ शकते.

पुराव्याचा प्रश्न दोन्हीकडून टोचणारा आहे. जुना ओरखडा घेऊन येऊन ‘तुम्हीच पाडला’ म्हणणारे महाभाग असतात, आणि छोट्या दुकानदाराची भीती खोटी नाही. महिनाभराची कमाई एका बोनेटपायी जाऊ शकते. म्हणून देताना गाडीभोवती मोबाइलवर एक संथ चक्कर, चारी बाजूंनी, दुकानाची पाटी आणि ओडोमीटरचा आकडा दिसेल अशी. आणि जॉबकार्डवर गाडीचं जे छोटं चित्र छापलेलं असतं त्यावर आधीच्या खुणा दोघांनी मिळून मांडलेल्या. हे चित्र बहुतेक ठिकाणी कोरंच राहतं, सुपरवायझर तारीख टाकून ‘सही करा’ म्हणतो. कोरं ठेवण्यात त्याचाही तोटा आहे, हे कोणी त्याला सांगत नाही. नेताना गाडी उन्हात नव्हे, सावलीत टॉर्च तिरका धरून पाहावी आणि पैसे त्यानंतर द्यावेत. कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवायचा हक्क कायद्याने दुकानदाराला आहे, हे मात्र लक्षात ठेवावं; तिथे हुज्जत घालण्यापेक्षा ‘तक्रार राखून’ असं बिलावर लिहून पैसे भरणं बरं. पोलीस चौकीची धमकीही देऊ नये. खोडसाळपणाने नुकसान केल्याचा गुन्हा व्हायला हेतू किंवा जाणीव लागते, आणि ओल्या फडक्यात ती नसते. राहिला तो वेळेचा आक्षेप, की पाच-दहा हजारांसाठी कोण आयोगाच्या पायऱ्या झिजवणार? कायद्याने साध्या तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा, प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. बरीच प्रकरणं तिथवर जाऊही नयेत. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंदवलेली तक्रार आणि एक नीट लिहिलेली नोटीस, एवढ्याने शेठ केबिनमध्ये बसवून चहा मागवतो. पण नोटिशीत लिहायला काही हवं, आणि दार रंगवून झाल्यावर ते उरत नाही.

सगळ्यांत अवघड आक्षेप शेवटी येतो, आणि शेठ तो हुकमी पत्त्यासारखा टाकतो: ‘ठीक आहे साहेब, पोराच्या पगारातून कापतो.’ पोरगा कोपऱ्यात फडकं पिळत उभा असतो. एवढं ऐकून चांगल्या माणसाची जीभ आत जाते, आणि तिने जावं हीच अपेक्षा असते. या क्षणी मागणी सोडून देणं मला दयाळूपणाचं वाटत नाही. एक बादली पोराने निवडलेली नसते. टायरचं फडकं वेगळं आणि बोनेटचं वेगळं ठेवायला लागणारे थोडेसे पैसे वाचवण्याचा, तासाला किती गाड्या निघाल्या पाहिजेत हे ठरवण्याचा, पॉलिश मशीन न शिकवता हातात देण्याचा निर्णय केबिनमधला आहे. ग्राहक गप्प बसला तर पगार एकदा वाचेल, बादली एकच राहील, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गाडीवरून त्याच पोराला सगळ्यांसमोर पुन्हा बोलणी बसतील. म्हणूनही झालेल्या नुकसानीच्या कबुलीचा कागद दुकानाच्या लेटरहेडवर मागून घ्यावा. त्यात गाडीचा नंबर, तारीख, कुठल्या पॅनलवर काय झालं ते, काम चालू असताना झालं हे, आणि भरपाई दुकान देईल, कोणाच्याही पगारातून कापणार नाही हेही लिहून घ्यावं. रक्कम जागेवर ठरत नसेल तर ती जागा एस्टिमेट येईपर्यंत मोकळी ठेवता येते. सही आणि शिक्का मात्र गाडी दुकानाबाहेर काढण्याआधी घ्यावा, कारण दुसऱ्या दिवशी शेठ गावाला गेलेला असतो.